गिटारला आवाज किती हवा?

गेल्या आगमनकाळाच्या तोंडावर आमच्या धर्मग्रामाच्या गायकवृंदाची एक छोटी बैठक भरली होती. विषय एकच होता : गायकवृंदातील अकूस्टिक गिटारसाठी ॲम्प्लिफायर घ्यावयाचा, तो कोणता आणि किती रकमेचा? तरुण मंडळींनी आणलेल्या यादीत वॅटचे आकडे चढत्या भाजणीने मांडलेले होते आणि त्यांच्यासमोरच्या किमतीही तशाच चढत गेल्या होत्या. फंड लहान आणि यादी मोठी, अशी नेहमीचीच परिस्थिती होती. शेवटी एका मुलीने माझ्याकडे वळून विचारले, "अंकल, तुमच्या वेळी तुम्ही एक घेतला होता ना? मग तुम्हीच सांगा, किती वॅटचा घ्यायचा?"

घेतला होता हे खरे. चुकीचा घेतला होता, हेही तितकेच खरे. त्या संध्याकाळी मी तिला आकडा सांगितला नाही. गिटार देवळात कशी आली, तिचा आवाज मोठा करण्याची गरज कोठून निर्माण झाली आणि त्या नादात आमच्या हातून काय घडले, ती हकिकत सांगितली. तीच येथे थोड्या विस्ताराने मांडत आहे. कारण हा प्रश्न गिरगाव-दादरपासून परळ-लालबागपर्यंतच्या धर्मग्रामांत केव्हा ना केव्हा उभा राहतो, आणि तो केवळ यंत्राचा प्रश्न आहे असे समजून आपण पैसे खर्च करून मोकळे होतो.

लाकडाची पेटी

गिटार हे मुळातच आवाज वाढवणारे साधन आहे, ही गोष्ट आपण विसरतो. नुसती तार ताणून छेडली तर ती चार हातांवरही धड ऐकू येत नाही. तारेचे कंपन घोडीवरून तबलीत उतरते, तबली आपल्या विस्ताराने भोवतालची हवा हलवते आणि पेटीत कोंडलेली हवा तिला साथ देते. मिरजेच्या कारागिरांनी घडवलेल्या तंबोऱ्यात तबली आणि भोपळा जे काम करतात, तेच हे काम.

या कामाचे मर्म स्पेनमधील अंतोनियो दे तोर्रेस (१८१७-१८९२) या कारागिराने अचूक ओळखले. त्याने गिटारची पेटी मोठी केली, तबली पातळ ठेवली आणि तिला आतून पंख्याच्या काड्यांसारख्या पट्ट्यांचा आधार दिला. १८६२ मध्ये त्याने एक गिटार अशी घडवली की तिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या होत्या. वाद्याचा प्राण तबलीत असतो, हे त्याला दाखवून द्यायचे होते. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. वाचकांनी हा पुठ्ठा लक्षात ठेवावा. पुढे तो आपल्या उपयोगी पडणार आहे.

तोर्रेस बालक असतानाच, २४ डिसेंबर १८१८ रोजी, ऑस्ट्रियातील ओबेर्नडॉर्फ या गावच्या संत निकोलसच्या देवळात 'सायलेंट नाइट' हे गीत प्रथम गायिले गेले. शब्द फादर योझेफ मोर यांचे, चाल शाळाशिक्षक आणि ऑर्गनवादक फ्रान्झ ग्रुबर यांची. दोन आवाज आणि साथीला एक गिटार, एवढाच सरंजाम. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडल्यामुळे गिटार घ्यावी लागली, ही लोकप्रिय कथा मागाहून जन्मलेली आहे. मात्र गिटार होती, हे निश्चित. जगभरच्या नाताळाचे सर्वांत परिचित गीत विजेच्या एका ठिणगीवाचून, एका लाकडी पेटीच्या आधाराने लोकांपर्यंत पोहोचले. गावचे देऊळ, शांत रात्र आणि ऐकण्यासाठी आलेली माणसे असली की तेवढी पेटी पुरते.

विजेची साथ

पेटी अपुरी पडू लागली ती नाचघरांत. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या अमेरिकन वादकाचा जॅझ वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. त्यानंतरच्या वर्षांत मुंबईच्या वाद्यवृंदांत गोव्याचे ख्रिस्ती वादक मोठ्या संख्येने दिसू लागले. धोबीतलावच्या परिसरातील गोवेकरांचे कूड, म्हणजे गावागावांची वसतिगृहे, हे त्यांच्यातील अनेकांचे मुंबईतले पहिले घर. त्याच धोबीतलावावर १८६५ पासूनची परंपरा सांगणारे फुर्तादो हे वाद्यांचे दुकान आहे. आपल्या कित्येक कुटुंबांतील पहिली गिटार तेथूनच आलेली असेल. परंतु ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांच्या गर्दीत गिटारवाला बिचारा दिसत असे, ऐकू मात्र येत नसे.

यावर अमेरिकेत तोडगा निघाला. १९३२ मध्ये रिकनबॅकर यांच्या कारखान्यातून ॲल्युमिनियमची, मांडीवर ठेवून वाजवायची हवाईयन गिटार विक्रीला आली. तारांच्या जवळ लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे; पोलादी तार हलली की वेटोळ्यात सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होणार आणि ॲम्प्लिफायर तो वाढवून कर्ण्याला देणार. १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने नेहमीसारखी उभी धरायची विद्युत गिटार आणि तिच्या जोडीचा ॲम्प्लिफायर बाजारात आणला. आपल्याकडे लखनौत जन्मलेले व्हॅन शिप्ले यांनी विद्युत गिटारवर चित्रपटगीते वाजवून ध्वनिमुद्रिकांद्वारे ती घरोघर नेली.

येथे एक बारीक पण महत्त्वाचा भेद आहे. लोहचुंबकाचा पिकअप मुख्यतः पोलादी तारेचे हलणे टिपतो. तबलीचा श्वास त्याला फारसा कळत नाही. तोर्रेसने पुठ्ठ्याची गिटार करून ज्याला प्राण म्हटले, नेमका तोच या व्यवस्थेत मागे राहतो. विद्युत गिटार हे त्यामुळे एक निराळे वाद्य झाले, आणि तिचा ॲम्प्लिफायरही निराळा. त्याच्या दहा-बारा इंची कर्ण्यातून फार उंच स्वर बाहेर पडत नाहीत. विद्युत गिटारला तेच शोभते. अकूस्टिक गिटारचा त्यातून घोंगडी पांघरल्यासारखा आवाज येतो. हे ज्ञान आम्हाला फार उशिरा झाले.

देवळाच्या उंबरठ्यावर

गिटारला देवळात मिळालेला प्रवेशही सहज मिळालेला नाही. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी परमगुरू दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी काढलेल्या आदेशात पियानो, ढोल, झांजा यांसारखी वाद्ये देवळात वर्ज्य ठरवली होती. ३ सप्टेंबर १९५८ च्या रोमच्या सूचनापत्रात विजेचा विचार प्रथमच तपशिलाने झालेला दिसतो. धर्मगुरूचा जिवंत आवाज लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी ध्वनिवर्धक चालेल. उपासनेत ग्रामोफोनसारखे आपोआप वाजणारे यंत्र मात्र चालणार नाही. माणसाच्या आवाजाला यंत्राने मदत करावी, त्याची जागा घेऊ नये, असा त्यामागील विवेक होता.

पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक संविधान प्रसिद्ध केले. पाइप ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही, ती उपासनेला साजेशी असतील तर, स्थानिक ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांच्या संमतीने दार उघडण्यात आले. लोकभाषेलाही वाट मिळाली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६४ मध्ये, परमगुरू सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईत आले आणि ओव्हल मैदानावर लोटलेला जनसागर आपल्या आधीच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला. ७ मार्च १९६५ पासून लोकभाषेतील मिस्सा सर्वत्र रुजू लागली. लॅटिन न समजणारी आजी आता उत्तरे देऊ लागली, आणि ऑर्गन न येणारा तिचा नातू चार स्वरसंघ शिकून गिटार वाजवू लागला.

५ मार्च १९६७ च्या संगीतविषयक सूचनापत्राच्या ६४ व्या कलमात या नव्या वाद्यांसाठी एक साधी मर्यादा घालून दिलेली आहे. वाद्यांनी गायनाला आधार द्यावा, लोकांचा सहभाग सुकर करावा. पण शब्द ऐकू येणे कठीण व्हावे इतका त्यांचा आवाज चढू नये. ॲम्प्लिफायर निवडण्याचा याहून चांगला नियम मला आजवर कोणत्याही जाहिरातीत आढळलेला नाही. दुर्दैव इतकेच की, आम्ही तो वाचला नव्हता.

संपाच्या वर्षातली खरेदी

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. माझे वडील साचाखात्यात होते. आमच्या चाळीत त्या वर्षी कोणाच्याच घरी पगार येत नव्हता. कोणी भाजी विकत होते, कोणी गावी निघून गेले होते. त्या नाताळात आम्ही पोरे नाताळगीते गात परळ-लालबागच्या चाळींतून फिरलो. डब्यात नोटा थोड्या आणि नाणी पुष्कळ पडली. एका वृद्ध मावशींनी पदराच्या गाठीतून काढून दिलेली नाणी मला अजून आठवतात. त्यांचा मुलगाही संपावरच होता.

त्या पैशांतून आम्ही गिटारसाठी ॲम्प्लिफायर घेण्याचे ठरवले. परदेशी माल त्या काळी आयातीच्या निर्बंधांमुळे आमच्या आवाक्याबाहेरचा होता. देशी ध्वनिवर्धक मिळत, पण ते प्रामुख्याने सभा-समारंभांतील भाषणांसाठी घडवलेले. मधला मार्ग लॅमिंग्टन रोडचा. तेथे सुट्टे भाग मिळत, टू-एन-थ्री-झिरो-फाइव्ह-फाइव्ह या नावाने प्रसिद्ध असलेले जाडजूड ट्रान्झिस्टर मिळत, आणि कारागीर हवा तसा ॲम्प्लिफायर जुळवून देत. त्यांच्या हातांत कसब होते. एका कारागिराने आम्हाला विचारले, "कशासाठी पाहिजे?" आम्ही उत्तर दिले, "जास्तीत जास्त आवाजासाठी." त्याने आमच्या मागणीप्रमाणेच करून दिले. दोष असला तर तो आमच्या उत्तरात होता.

बारा इंची कर्णा, जड लाकडी खोके, आणि गिटारच्या पोटावरील गोल भोकात बसवायचा लोहचुंबकी पिकअप. २ एप्रिल १९८३ च्या रात्री, ईस्टरच्या जागरणविधीला, आम्ही तो मोठ्या अभिमानाने मांडला. देऊळ अंधारात होते. पुनरुत्थानाची मेणबत्ती आत आली आणि धर्मगुरूंनी ईस्टरची घोषणा गायला प्रारंभ केला. त्या पवित्र शांततेत आमच्या खोक्यातून एकसारखी 'घूं' ऐकू येऊ लागली. पुढे स्तोत्रांच्या वेळी मी आवाज वाढवला, तशी गिटारची पेटी थरथरू लागली आणि सारे देऊळ दचकेल अशी किंकाळी उठली. मी घाबरून तारांवर हात दाबला. आवाज उतरवण्याचे सुचायला आणखी काही क्षण गेले.

विधी संपल्यावर त्याच मावशी माझ्याजवळ आल्या. रागाचा लवलेश नव्हता. त्या म्हणाल्या, "गिटार लई ऐकू आली हो बाळा. पण स्तोत्र कुठलं होतं रे?"

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. उपाशी वर्षात लोकांनी दिलेल्या पैशांतून आम्ही त्यांना त्यांचेच स्तोत्र ऐकू येऊ नये अशी व्यवस्था करून ठेवली होती. पुष्कळ वर्षांनी १९६७ चे ते सूचनापत्र वाचताना ६४ व्या कलमापाशी मी थबकलो. रोमने कलमात मांडलेले मावशींनी एका वाक्यात सांगितले होते.

चूक कोठे झाली?

आज त्या रात्रीची कारणे स्पष्ट दिसतात. गिटारच्या पेटीतील हवा साधारणपणे १०० हर्ट्झच्या आसपास आपणहून घुमते. कर्ण्याचा आवाज पेटीवर आदळला की पेटी घुमते, तारा हलतात, पिकअप ते टिपतो, ॲम्प्लिफायर पुन्हा वाढवतो, आणि हे चक्र क्षणात किंकाळीपर्यंत जाते. यालाच फीडबॅक म्हणतात. आम्ही कर्णा गिटारच्या पाठीमागे, तिच्याकडेच तोंड करून ठेवला होता! जी पेटी ओबेर्नडॉर्फला वरदान ठरली, तीच विजेच्या संगतीत अडचण होऊन बसली.

या अडचणीवर पुढे चांगले उपाय निघाले. अमेरिकेतील ओव्हेशन कंपनीने १९७० च्या सुमारास घोडीखाली बसणारा पिझो पिकअप रूढ केला. दाब पडला की वीज निर्माण करणारे स्फटिक त्यात असतात; ते तारेचा दाब घोडीपाशी, तबलीच्या सान्निध्यात टिपतात. १९९० च्या दशकात अकूस्टिक गिटारसाठीच घडवलेले ॲम्प्लिफायर नावारूपाला आले. त्यांत उंच स्वरांसाठी निराळा छोटा कर्णा, माइकसाठी दुसरी जोडणी आणि घुमणारा नेमका स्वर कापण्याची कळ असते. १९९१ नंतर आयातीची दारे उघडत गेली, देशी उत्पादकही या क्षेत्रात उतरले, आणि आम्हाला स्वप्नवत वाटलेली वस्तू सामान्य धर्मग्रामाच्या आवाक्यात आली. निवड मात्र त्यामुळे सोपी झाली नाही; चुकण्याचे पर्याय वाढले, इतकेच.

खरेदीपूर्वी

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. किती वॅट? वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होतो, हा समज चुकीचा आहे. ३० ऐवजी ६० वॅट घेतले तर आवाज ३ डेसिबलने, म्हणजे जाणवेल न जाणवेल इतका, वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दसपट शक्ती लागते. घरच्या सरावाला १० ते १५ वॅट भरपूर होतात. लहान सभागृहात पाच-सहा गायकांच्या साथीला ३० ते ६० वॅट पुरतात. त्यापुढच्या आकड्यांसाठी मोजलेले पैसे पुष्कळदा कानांपेक्षा डोळ्यांनाच सुखावतात.

दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे : ॲम्प्लिफायर हवाच आहे का? बहुतेक देवळांत ध्वनिवर्धक व्यवस्था आधीच बसवलेली असते, आणि तिचे कर्णे लोकांच्या दिशेने, शब्द ऐकू यावेत म्हणून लावलेले असतात. गिटारमध्ये पिझो पिकअप असेल तर डीआय बॉक्स नावाची हाताएवढी डबी मध्ये जोडून तिचा आवाज त्याच व्यवस्थेत सोडता येतो. गिटारमध्ये बॅटरीवरचा प्रीॲम्प नसेल तर ही डबी ॲक्टिव्ह प्रकारची घ्यावी, नाहीतर पिझोचा आवाज पातळ आणि पत्र्यासारखा येतो. या डबीमुळे लांब वायरीतली घरघरही बरीच कमी होते. पिकअप नसेल तर गिटारसमोर एक साधा माइक ठेवावा. त्याचे तोंड भोकावर न रोखता, मान जेथे पेटीला मिळते त्या बाजूला वळवावे.

ज्यांना वेगळा ॲम्प्लिफायर घेणे भागच आहे, त्यांनी तो 'अकूस्टिक' जातीचा आहे ना, हे आधी पाहावे. गिटार आणि माइक यांच्यासाठी दोन स्वतंत्र जोडण्या आणि स्वतंत्र कळा असाव्यात. दुकानात आपलीच गिटार घेऊन जावे. दुकानातल्या भारी गिटारवर कोणताही ॲम्प्लिफायर गोड वाटतो. आवाज शून्यावर ठेवून आधी 'घूं' ऐकावी, मग हळूहळू वाढवून फीडबॅक कोठे सुरू होतो ते पाहावे. गिटारच्या भोकावर बसणारे रबरी झाकण अल्प किमतीत मिळते आणि पुष्कळ किंकाळ्या वाचवते. वापरलेला ॲम्प्लिफायर घेण्यात कमीपणा नाही. फक्त कळा फिरवताना खरखर येते का आणि जोडण्या सैल आहेत का, हे तपासावे. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो : 'घूं' घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन कधीही काढू नये. गिटारच्या तारा हातात आणि माइक ओठांशी असतो. तेथे विजेशी खेळ म्हणजे जिवाशी खेळ.

तिसरा प्रश्न शेजाऱ्यांचा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रुग्णालयांभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतताक्षेत्र जाहीर करता येतो. परळमध्ये १९२६ पासून केईएम आणि १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय उभे आहे. त्या भिंतींआड कोणाची तरी आई, कोणाचा तरी भाऊ झोपेची वाट पाहत पडलेला असतो. तेथून जाणाऱ्या नाताळफेरीला बॅटरीवरचा ॲम्प्लिफायर हवा की नको, हे ठरवण्यासाठी खरे तर कायदा वाचण्याचीही गरज पडू नये.

शेवटचे बाक

त्या बैठकीत अखेर यादी बाजूला ठेवण्यात आली. मंडळींनी एक डीआय बॉक्स, एक चांगली वायर आणि भोकाचे झाकण एवढेच घेतले. यादीतील सर्वांत स्वस्त ॲम्प्लिफायरपेक्षाही कमी रक्कम लागली. उरलेले पैसे फंडात राहिले.

मग त्या मुलीने स्वतःच एक परीक्षा योजली. एका शनिवारी सरावाच्या वेळी तिने आपल्या आजीला कागद-पेन्सिल देऊन शेवटच्या बाकावर बसवले. गायकवृंदाने आजींना अपरिचित असलेले एक स्तोत्र गायचे आणि आजींनी ऐकू येतील ते शब्द लिहायचे. पहिल्या खेपेस निम्मे शब्द निसटले. गिटार थोडी उतरवली, माइक थोडे पुढे घेतले. तिसऱ्या खेपेस आजींचा कागद भरला. मी तो हातात घेऊन वाचला, आणि १९८३ च्या मावशींना द्यायचे राहून गेलेले उत्तर काही अंशी दिल्यासारखे वाटले.

नाताळफेरीला ही मुले रुग्णालयाच्या मागच्या गल्लीतून गेली, तेव्हा त्यांच्याजवळ फक्त गिटार होती. आवाज फार दूर गेला नसेल. वरच्या मजल्यावरची एक खिडकी मात्र उघडली, आणि गीत संपेपर्यंत उघडीच राहिली.